भोंगा बंद कोण करतं?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा आमच्याकडे नावड्याला आला आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं गुडघा फोडून घेतला.

बिल्डिंगमागच्या मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट रंगलं होतं. चोरटी धाव घ्यायला गेले आणि साहेब खडीवरून घसरले. लंगडत गेटपाशी आला, तर आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्यांनी पाटी बाजूला सारली आणि विचारलं, "कुठं परलास रं?"

भाचा पुण्याचा. तो रडायचं विसरून माझ्याकडे बघायला लागला. मग त्याला सांगितलं, आमच्याकडच्या आगरी बोलीत 'ड'चा बऱ्याचदा 'र' होतो. पडलास म्हणजे परलास. घोडा म्हणजे घोरा. मग स्वारी "मी घोऱ्यावरून परलो" असं म्हणत खुदकन हसली आणि नळाखाली गुडघा धुवायला तयार झाली.

संध्याकाळी मात्र तोंड पुन्हा उतरलं. गुडघा लाल झाला होता. हात लावला तर गरम लागत होता. सुजून टम्म झाला होता आणि ठणकत होता.

"मामा, बिघडला का रे गुडघा?"

"बिघडला नाही. कामाला लागलाय."

लाली, सूज, गरमी आणि ठणका. ही चार लक्षणं जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस नावाच्या रोमन लेखकानं लिहून ठेवली. डॉक्टर होणारी मुलं आजही हीच चार पाठ करतात. या सगळ्याला मिळून आपण मराठीत 'दाह' म्हणतो. शब्द असा की ऐकूनच पोळल्यासारखं वाटतं. पण दाह म्हणजे रोग नाही. दाह म्हणजे शरीराची धावपळ.

ही धावपळ सुरू कोण करतं?

आमच्या शेजारी तळोजा एमआयडीसी आहे. कारखान्यात काही झालं की भोंगा वाजतो. भोंगा स्वतः आग विझवत नाही, पाइप धरत नाही, कोणाला उचलून नेत नाही. तो फक्त ओरडतो. पण त्याच्या ओरडण्यानं माणसं हातातलं काम टाकून पळतात. आपल्या शरीरातही असे भोंगे आहेत. ते म्हणजे इवलेसे रेणू, एका पेशीनं दुसऱ्या पेशीला धाडलेले निरोप. त्यांना सायटोकाइन म्हणतात.

भाच्याच्या गुडघ्याची कातडी फाटली, त्याच क्षणी तिथे पहाऱ्याला बसलेल्या पेशींनी हे निरोप सोडायला सुरुवात केली. त्यातल्या तिघांची नावं लक्षात ठेवा, पुढे लागतील: आयएल-१, आयएल-६ आणि टीएनएफ. एखाद्या पोलिसी मालिकेतले गुप्तहेर वाटतात, नाही?

हे असतात तरी किती? एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. धडधाकट माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात आयएल-६ असतो जेमतेम काही पिकोग्रॅम. पण जिथे गडबड असते तिथे तो भराभर वाढतो आणि मग मात्र सगळ्या शरीराला ऐकू जातो. यकृताला ऐकू गेला की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन रक्तात सोडतं. कोरोनाच्या दिवसांत घरातली मोठी माणसं फोनवर "सीआरपी किती आला?" असं एकमेकांना विचारायची, आठवतं? ती खरं तर विचारत होती, भोंगा किती जोरात वाजतोय?

गुडघ्यावर परत येऊ. निरोप मिळताच तिथल्या रक्तवाहिन्या रुंद झाल्या. जास्त रक्त आलं म्हणून गुडघा लाल आणि गरम. वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल झाल्या, त्यातून पाणी झिरपलं म्हणून सूज. मज्जातंतू जरा जास्तच हळवे झाले म्हणून ठणका. ठणक्याचाही उपयोग असतो. तो नसता तर भाचा तसाच परत फलंदाजीला गेला असता.

त्या सैल भिंतींतून पांढऱ्या पेशींची पहिली तुकडी काही तासांत पोचते. जंतूंशी मारामारी करते आणि बहुतेक तिथेच कामी येते. जखमेत दिसणारा पू म्हणजे बराचसा याच शहीद पेशी. मग एक-दोन दिवसांनी येतात खादाड पेशी. नाव मी दिलेलं असलं तरी त्या आहेतच तशा. मेलेले जंतू, मेलेल्या पेशी, खडीचा कण, सगळं गिळतात.

आता नीट ऐका, कारण सगळी गोष्ट इथेच वळते. साफसफाई झाली की दुरुस्ती सुरू होते आणि दुरुस्तीचा हुकूमही हे निरोप्येच देतात. आजूबाजूच्या पेशींना ते सांगतात, "मरू नका. एकीच्या दोन व्हा. दोनाच्या चार व्हा. नव्या रक्तवाहिन्या आणा, रसद लागणार आहे." नवी कातडी अशी विणली जाते. काम झालं की खादाड पेशी आपला सूर बदलतात. आयएल-१० सारखे शांत करणारे निरोप सोडतात. लाली उतरते, सूज ओसरते. भोंगा बंद.

भाच्याची खपली नवव्या दिवशी पडली. त्यानं ती काडेपेटीत जपून ठेवली, यावर मी काही बोलणार नाही.

पण समजा, भोंगा बंदच झाला नाही तर?

१८६३ साली जर्मनीत रुडॉल्फ फिर्शो नावाचे डॉक्टर कॅन्सरच्या गाठीचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघत होते. त्यांना गाठीत पांढऱ्या पेशी दिसल्या. या इथे काय करतायत? जखम नाही, जंतू नाही, मग हे पाहुणे कशाला? त्यांनी तर्क केला की जिथे दाह वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो तिथे कॅन्सर उगवत असावा. तर्क चांगला होता, पण पुढची शंभर वर्षं त्याच्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. १९८६ साली अमेरिकेतल्या हॅरल्ड ड्वोरॅक यांनी तीच गोष्ट नव्यानं मांडली. कॅन्सरची गाठ म्हणजे भरून न येणारी जखम, असं त्यांचं म्हणणं.

आता यात आपल्याकडची गोष्ट. नावड्याहून खारघरला गेलात की पांडवकड्याच्या डोंगराच्या बाजूला एक मोठी संस्था लागते, ॲक्ट्रेक. टाटा मेमोरियल सेंटरची ही शाखा. तिथे कॅन्सरवर उपचारही होतात आणि संशोधनही. ही संस्था खारघरला आली २००२ साली. पण तिचं मूळ परळचं. तिथे १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभं राहिलं, त्याचे पहिले संचालक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकर विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगानं पेशींचं काय केलं ते काचपट्टीवर वाचणारे डॉक्टर. पण ते फक्त काचपट्टी बघत बसले नाहीत. हा माणूस करतो काय, खातो काय, नेसतो काय, हेही बघत राहिले. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्यासोबत काम करणाऱ्या सूर्याबाई यांनी मिळून एक निबंध छापला. विषय असा की भारतातल्या लोकांच्या सवयींमुळे होणारे तीन नवे कॅन्सर. एक खैनीचा, खालच्या ओठाआड तंबाखू-चुना ठेवणाऱ्यांचा. दुसरा चुट्ट्याचा, म्हणजे जळतं टोक तोंडात धरून ओढायच्या विडीचा (हो, जळतं टोक तोंडात! आंध्रच्या काही भागांत बायका अशी ओढत). आणि तिसरा धोतराचा.

धोतराचा कॅन्सर? धोतर तर आपले पणजोबा नेसत!

बरोबर. धोतर कमरेला एकाच जागी घट्ट आवळलेलं. उकाडा, घाम, दिवसभराचं चालणं, वाकणं. त्याच रेघेवर रोज घासलं जायचं. तिथली कातडी आधी रंग बदलायची, मग जाड आणि खरबरीत व्हायची, चिरायची, भरायची, पुन्हा चिरायची. असं वर्षानुवर्षं चालायचं. आणि एखाद्याच्या कमरेवर त्याच रेघेत कॅन्सर दिसायचा. धोतरात विष नव्हतं. रोज उघडणारी आणि कधीच पुरती न मिटणारी जखम होती. घट्ट परकरावर साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही डॉक्टरांना असंच आढळलं आहे. आणि काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसतात, तिथे पोटावर आणि मांड्यांवर.

आता घाबरून आजोबांचं धोतर लपवू नका. लाखो लोकांनी जन्मभर धोतर नेसलं, त्यांतल्या फारच थोड्यांना हे झालं. गुडघा फुटला, डास चावला, ताप आला, घसा सुजला, यातल्या कशानंही कॅन्सर होत नाही. ते भोंगे वाजतात आणि थांबतात. न थांबणारा दाहसुद्धा एकटा पुरत नाही, त्याला एक साथीदार लागतो. तो साथीदार सापडला कसा, ती गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात जमालगोटा आहे!

जमालगोटा म्हणजे काय ते घरी आजीला विचारा. ती हसेल. ज्याच्या बियांनी पोट धडाधड साफ होतं, इतकं की माणूस गलितगात्र होऊन पडतो, तोच. त्याच्या बियांचं तेल कातडीला लावलं तर भयंकर आग होते, कातडी लाल होऊन सुजते. म्हणजे दाह.

१९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला आयझॅक बेरेनब्लम हे तेल उंदरांच्या पाठीवर लावून बघत होते. (उंदरांबद्दल वाईट वाटलं? मलाही वाटतं.) त्यांनी आणि त्यांचे सहकारी फिलिप शुबिक यांनी केलं ते असं. काही उंदरांना कॅन्सर घडवणारं एक रसायन फक्त एकदा, थोडंसं लावलं. काही झालं नाही. दुसऱ्या काही उंदरांना फक्त जमालगोट्याचं तेल पुन्हा पुन्हा लावलं. कातडी सुजली, पण गाठी म्हणाव्या तशा आल्या नाहीत. तिसऱ्या गटाला आधी ते रसायन एकदा लावलं आणि मग आठवड्यातून दोनदा तेल. पाठभर गाठी! मधे काही महिने जाऊ दिले, तरी गाठी आल्याच. पण क्रम उलटा केला, आधी तेल आणि शेवटी रसायन, तर गाठी नाहीत.

जरा थांबा आणि स्वतःच विचार करा. यातून काय कळलं?

त्या पहिल्या रसायनानं काही पेशींच्या जनुकांत चूक करून ठेवली होती. हाच तो साथीदार. पेशी बिघडली, पण चुपचाप बसली. वर्गात मागच्या बाकावर एखादा खोड्या काढायच्या बेतात असतो पण बाई समोर आहेत म्हणून गप्प, तशी. पुढे तेलानं दाह सुरू झाला. भोंगा वाजला, "मरू नका, वाढा, एकीच्या दोन व्हा." हा निरोप होता जखम भरणाऱ्या पेशींसाठी. पण भोंग्याला थोडंच कळतं कोण ऐकतंय? बिघडलेल्या पेशीनंही तो ऐकला. तिला एवढंच हवं होतं.

तो निरोप नेमका कोणता? इथे येतो आपला टीएनएफ. या रेणूच्या नावाचीच गंमत आहे. १९७५ साली न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड यांच्या गटाला तो सापडला. उंदरांच्या गाठी त्यानं मरून काळ्या पडत होत्या, म्हणून त्याचं बारसं केलं 'गाठ मारणारा घटक', त्याची इंग्रजी आद्याक्षरं टीएनएफ. सगळे खूश, कॅन्सरवर औषध सापडलं! आणि १९९९ साली लंडनमध्ये फ्रान्सिस बाल्कविल यांच्या गटानं असे उंदीर घेतले ज्यांच्या अंगात टीएनएफ बनतच नाही. त्यांच्यावर तोच जुना खेळ खेळला, आधी रसायन, मग जमालगोट्याच्या तेलातला जहाल अंश. टीएनएफ नाही म्हणजे गाठी वाढायला हव्यात ना? झालं उलटंच, या उंदरांना गाठी फार कमी आल्या. मोठ्या मात्रेत गाठ मारणारा हा गडी थोड्या मात्रेत, रोज रोज, गाठीलाच खतपाणी घालत होता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं. आमच्या गल्लीत एका दांडगट मुलाला अजून बाळू म्हणतात, तसं.

पेशीच्या आत हा निरोप पोचवतं कोण, तेही थोडक्यात सांगतो. पेशीत एक कळ असते, एनएफ-कप्पा-बी. १९८६ साली अमेरिकेत रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ती शोधली. एरवी ही कळ दुसऱ्या एका प्रथिनाच्या मिठीत अडकून पडलेली असते. टीएनएफचा निरोप आला की मिठी सुटते, कळ पेशीकेंद्रात शिरते आणि जनुकं चालू करते. कोणती? मरू नकोस सांगणारी, वाढ सांगणारी, आणि आणखी निरोप्ये बनव सांगणारी. म्हणजे एक भोंगा दुसरा भोंगा वाजवतो. आता कळलं, एकदा सुरू झालेला गोंधळ कधीकधी आपोआप का थांबत नाही?

पोटात राहणारा हेलिकोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि यकृतात मुक्काम ठोकणारा हिपॅटायटिस बी हा विषाणू, हे दोघेही भोंग्यावर बोट ठेवून बसणारे. हिपॅटायटिस बीची लस तर आता आपल्याकडे बाळ जन्मलं की चोवीस तासांत देतात. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती घेतली आहे, फक्त तेव्हा तुम्ही दात नसलेल्या तोंडानं भोकाड पसरलं होतं.

असाच आणखी एक आमच्या दाराशी आहे. नावडे फाट्यावर उभे राहिलात तर मुंब्रा-पनवेल रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची रीघ संपत नाही. आमच्या खिडकीच्या कठड्यावर सकाळी पुसलं तरी संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. भाच्यानं लिहिलंच, वर तारीखही घातली. पण ही दिसणारी धूळ नाकात आणि घशातच बरीचशी अडते. न दिसणारी धूळ खरी आगाऊ. पीएम २.५ म्हणतात ते कण तुमच्या केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथल्या खादाड पेशी त्यांना गिळायला बघतात आणि भोंगा वाजवतात, आयएल-१.

२०२३ साली लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या चार्ल्स स्वांटन यांच्या गटानं याचा छडा लावला. इंग्लंड, दक्षिण कोरिया आणि तैवानमधल्या फुप्फुसाच्या एका विशिष्ट कॅन्सरच्या सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती त्यांनी बघितली. जिथे पीएम २.५ जास्त, तिथे हा कॅन्सर जास्त. मग त्यांनी फुप्फुसांचे निरोगी तुकडे तपासले. १८ टक्के तुकड्यांत ईजीएफआर नावाच्या जनुकात बिघाड झालेल्या पेशी सापडल्या. कॅन्सर नसलेल्या तुकड्यांत! मागच्या बाकावर गप्प बसलेल्या. धूर त्या पेशी बिघडवत नव्हता, तो त्यांना उठवत होता. आणि उंदरांना आयएल-१ अडवणारं औषध दिल्यावर धुरात राहूनही गाठी कमी झाल्या. ऐंशी वर्षांपूर्वीचा जमालगोटा आठवला ना?

औषधानं भोंगा बंद करता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. पण आयएल-१ आणि टीएनएफ पार बंद करून टाकले तर खऱ्या जंतूंशी लढायला कोणाला बोलावणार? म्हणून हे औषध टॉफीसारखं वाटता येत नाही. धूर कमी करणं जास्त शहाणपणाचं आहे, असं माझं मत. पण ते काम भाच्याचं नाही, आम्हा मोठ्यांचं आहे.

भाच्याच्या वयाच्या मुलांना करता येईल असं एक काम मात्र आहे. त्यासाठी पाणीपुरी डोळ्यांसमोर आणा. अख्खी, फुगलेली, पाण्यानं भरलेली. आ वासला की गेली आत. महाराष्ट्रात अशी हजारो माणसं आहेत ज्यांना पाणीपुरी खाता येत नाही, कारण तोंड तेवढं उघडतच नाही. कारण सुपारी. सुपारी, मावा, गुटखा रोज चघळला की गालाच्या आतली नाजूक कातडी रोज खरचटते आणि सुपारीतला रस तिला रोज जाळतो. भोंगा वाजत राहतो. दुरुस्ती करणाऱ्या पेशी बिचाऱ्या धागे विणत सुटतात, गरज नसताना. गाल आतून पांढरट आणि दोरखंडासारखा ताठ होतो. तिखट सोसत नाही, आ वासत नाही. १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या आजाराला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. यातल्या काहींना पुढे तोंडाचा कॅन्सर होतो. नुसती सुपारी, तंबाखू न घालतासुद्धा, कॅन्सर घडवते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००३ मध्ये जाहीर केलं. २०१२ साली महाराष्ट्रानं गुटख्यावर बंदी घातली. टपरीवर त्याच्या पुड्या अजून कशा लटकतात ते मात्र मला विचारू नका.

याची परीक्षा सोपी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटं जोडा, उभी धरा, एकावर एक येतील अशी, आणि दातांच्या मधे घालून बघा. तिन्ही शिरायला हवीत. भाच्याला हे सांगितलं आणि तो उड्या मारत सुटला. आधी माझं तोंड तपासलं. मग वहिनीचं. मासळीवाल्या आजींनी आ वासून वर त्यालाच दात मोजायला लावले. चौथ्या मजल्यापर्यंत सगळे पास.

खाली गेटवर वॉचमनकाका होते. त्यांची दोनच बोटं शिरली. तिसऱ्याला जागा नव्हती. ते हसले आणि म्हणाले, "अरे, कित्येक वर्षं असंच आहे." मग खिशातली पुडी त्यांनी मुठीत धरली, भाच्याला दिसू नये म्हणून. पण त्याला ती दिसली होती.

शनिवारी मी आणि भाचा त्यांना घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी आरशानं गाल बघितला, वेळेत आलात म्हणाल्या, पण सुपारी आजपासून बंद. काकांनी मान हलवली. खिशातली पुडी भाच्यानं बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

तुमच्याही घरी आज रात्री जेवणं झाल्यावर ही तीन बोटांची परीक्षा घ्या. बाबा, काका, आजोबा, कोणालाही सोडू नका. कोणाची बोटं अडली तर रागावू नका, हसू नका. हात धरून दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.